बाद फेरीतील खेळाडूचे मोल आणि प्रगत सांख्यिकी : एक चिकित्सा

प्रास्ताविक

अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजेच एनबीए, या व्यावसायिक संघटनेच्या वार्षिक स्पर्धेचे दोन भाग आहेत. नियमित हंगामात प्रत्येक संघ सामान्यतः ८२ सामने खेळतो. त्यानंतर १६ संघ बाद फेरीत येतात. तेथे दोन संघांचा निकाल एका सामन्यावर ठरत नाही. सातपैकी चार सामने आधी जिंकणारा संघ पुढे जातो आणि अशा चार मालिका जिंकणारा संघ विजेता ठरतो. खेळाडूची कीर्ती मुख्यतः या दुसऱ्या भागावर उभी राहते. ‘हंगामात चमकला, पण बाद फेरीत कच खाल्ली’ असा शिक्का एकदा बसला की तो पुसला जाण्यास अनेक वर्षे लागतात.

हा शिक्का केवळ आठवणींच्या आणि वर्तमानपत्री मतांच्या आधारे मारला जाऊ नये, त्यास मापनाचा आधार असावा, या अपेक्षेतून गेल्या काही दशकांत ‘प्रगत सांख्यिकी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धती पुढे आल्या. ही अपेक्षा योग्यच आहे. तथापि नियमित हंगामासाठी घडविलेली मापे बाद फेरीस लावताना त्यांच्यामागील गृहीतके टिकतात काय, हा प्रश्न पुरेशा गांभीर्याने विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात या मापांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. बाद फेरीत काय घडले याचा हिशेब ही मापे उत्तम रीतीने मांडतात; परंतु एका मालिकेच्या आकड्यावरून खेळाडूच्या गुणवत्तेचा किंवा मनोधैर्याचा निवाडा करणे त्याच सांख्यिकीच्या नियमांनुसार असमर्थनीय ठरते, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

मापनपद्धतींची वाटचाल

बास्केटबॉलचा पारंपरिक गुणतक्ता म्हणजे ‘बॉक्स स्कोअर’. त्यात गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक अशा नोंदी असतात. त्याची मर्यादा क्रिकेटशी तुलना केल्यास सहज ध्यानात येते. क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडू हा प्रामुख्याने एक गोलंदाज आणि एक फलंदाज यांच्यातील सामना असतो. त्यामुळे श्रेय वेगळे काढणे तुलनेने सोपे जाते. बास्केटबॉलमध्ये दहा खेळाडू एकाच वेळी हालचाल करीत असतात. एखाद्याने केवळ योग्य जागी उभे राहून प्रतिस्पर्ध्यास फेक टाळावयास लावली, तर त्याची नोंद कोठेच होत नाही.

डीन ऑलिव्हर यांनी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बास्केटबॉल ऑन पेपर’ या ग्रंथात सामन्याचे एकक मिनिटाऐवजी चेंडूवरील ताबा हे मानले आणि विजयाचे चार घटक सांगितले : फेकीची परिणामकारकता, गमावलेले चेंडू, आक्रमणातील रिबाउंड आणि फ्री थ्रो. जॉन हॉलिंजर यांनी बॉक्स स्कोअरमधील नोंदींना भार देऊन खेळाडूचा एकच निर्देशांक काढला. त्यात संपूर्ण स्पर्धेची सरासरी १५ धरलेली असते. या दोन्ही पद्धती नोंदलेल्या गोष्टींचेच नवे गणित करतात.

‘अधिक-उणे’ मापनाचा मार्ग यापेक्षा निराळा आहे. खेळाडू मैदानावर असताना त्याच्या संघाने प्रतिस्पर्ध्यापेक्षा किती गुण अधिक वा उणे मिळविले, एवढेच येथे पाहिले जाते. परंतु चांगल्या सहकाऱ्यांबरोबर खेळणाऱ्याचा आकडा आपोआप फुगतो. म्हणून अर्थशास्त्रज्ञ डॅन रोझेनबॉम यांनी २००४ मध्ये, मैदानावरील इतर नऊ खेळाडूंचा प्रभाव प्रतिगमन पद्धतीने वजा करून समायोजित आकडा काढण्याची रीत मांडली. नेहमी एकत्र खेळणाऱ्या दोघांचा प्रभाव वेगळा करणे या रीतीस कठीण जाते आणि आकडे अवास्तव हेलकावे खातात. त्यावर उपाय म्हणून जो सिल यांनी २०१० मध्ये, पुरावा अपुरा असेल तेथे आकडा सरासरीकडे ओढणारी सुधारित पद्धत सुचविली. पुढे डॅनियल मायर्स यांचा ‘बॉक्स प्लस-मायनस’ हा निर्देशांक आला. बॉक्स स्कोअरमधील नोंदींवरून अधिक-उणे प्रभावाचा अंदाज करणे हे त्याचे सूत्र होय.

या वाटचालीत एक प्रामाणिक सूत्र आढळते. प्रत्येक नव्या पद्धतीने आधीच्या पद्धतीची अनिश्चितता मान्य केली आणि ती कमी करण्याचा यत्न केला. मूळ संशोधकांनी जपलेली ही सावधगिरी आकडा वादविवादाच्या बाजारात आल्यावर मात्र गळून पडते.

तीन प्रश्नांची गल्लत

बाद फेरीतील प्रभावाविषयी बोलताना वस्तुतः तीन भिन्न प्रश्न विचारले जातात. पहिला प्रश्न हिशेबाचा : या मालिकेत कोणाच्या हातून काय घडले? दुसरा अनुमानाचा : हा खेळाडू वास्तविक किती चांगला आहे, आणि पुन्हा असाच प्रसंग आल्यास तो काय करील? तिसरा निवाड्याचा : गौरव कोणास मिळावा आणि दोष कोणास द्यावा?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे निश्चित असते. घडलेले गुण घडलेच. त्यात नमुन्याची त्रुटी नसते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नेहमीच अंदाज असते आणि नमुना लहान झाला की अंदाजाची त्रुटी वाढते. तिसरा प्रश्न मूल्यांचा आहे. आकडे त्यास साहाय्य करतात, परंतु त्याचे उत्तर देत नाहीत. प्रचलित लेखनात पहिल्या प्रश्नाची निश्चितता दुसऱ्यास उसनी दिली जाते आणि दुसऱ्याचा अंदाज तिसऱ्याचा निर्णय म्हणून जाहीर होतो. २०१५ च्या अंतिम मालिकेचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

नमुन्याचे गणित : २०१५ ची अंतिम मालिका

गोल्डन स्टेट वॉरियर्सने ही मालिका क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सविरुद्ध ४-२ अशी जिंकली. पराभूत संघाच्या लेब्रॉन जेम्सने सामन्यामागे सरासरी ३५.८ गुण, १३.३ रिबाउंड आणि ८.८ असिस्ट अशी कामगिरी केली. या तिन्ही बाबींत तो दोन्ही संघांतील सर्वांच्या पुढे होता. तरी मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार सरासरी १६.३ गुण मिळविणाऱ्या आंद्रे इग्वोडालास मिळाला. ११ मतांपैकी इग्वोडालास ७, तर जेम्सला ४ मते पडली. इग्वोडाला संपूर्ण नियमित हंगामात राखीव खेळाडू म्हणूनच मैदानात उतरला होता. संघ १-२ असा पिछाडीवर असताना चौथ्या सामन्यात उंचपुऱ्या अँड्र्यू बोगटच्या जागी त्याला प्रारंभीच उतरविण्यात आले आणि पुढचे तिन्ही सामने संघाने जिंकले.

जेम्सचा खरा प्रभाव किती, हे अधिक-उणे पद्धतीने काढावयाचे झाल्यास तो मैदानावर असतानाचा आणि नसतानाचा काळ यांची तुलना करावी लागेल. जेम्स सामन्यामागे सुमारे ४५.८ मिनिटे खेळला. पहिले दोन सामने जादा वेळेत गेल्यामुळे मालिकेची एकूण लांबी २९८ मिनिटे झाली. म्हणजे सहा सामने मिळून तो अवघी २३ मिनिटे बाहेर होता.

या २३ मिनिटांचे सांख्यिकीय वजन किती? एनबीएच्या सामन्यातील गुणफरकाचे, अपेक्षित निकालापासूनचे, प्रमाण विचलन ढोबळमानाने १२ गुण धरता येते. त्यावरून ८२ सामन्यांच्या सरासरी गुणफरकाची प्रमाण त्रुटी सुमारे १.३ गुण निघते, तर सात सामन्यांच्या सरासरीची सुमारे ४.५ गुण. केवळ २३ मिनिटांवरून पूर्ण सामन्याचा दर काढल्यास ही त्रुटी सुमारे १७ गुणांवर जाते. त्यात जेम्स मैदानावर असतानाच्या काळाची त्रुटी मिळविली, की ‘असताना’ आणि ‘नसताना’ यांतील फरकाची त्रुटी सुमारे १८ गुण होते. एखादा श्रेष्ठ खेळाडू सरासरी खेळाडूच्या तुलनेत संघास सामन्यामागे पाच-दहा गुणांचा लाभ करून देतो असे मानले, तर मोजावयाच्या वस्तूपेक्षा मोजपट्टीची चूकच मोठी ठरते. वरील गणित ढोबळ आहे. परंतु ते कितीही सूक्ष्म केले तरी निष्कर्षाची दिशा बदलणार नाही.

येथे एक मूलभूत विसंगती ध्यानात येते. खेळाडू संघास जितका अपरिहार्य, तितका प्रशिक्षक त्याला कमी विश्रांती देतो. आणि विश्रांती जितकी कमी, तितका त्याच्या अपरिहार्यतेचा पुरावा अपुरा. नियमित हंगामात दुखापती, सलग सामने आणि एकतर्फी निकाल यांमुळे खेळाडूंच्या जोड्या सतत बदलतात. समायोजित मापनास लागणारी विविधता तेथे मिळते. बाद फेरीत मोजकेच खेळाडू खेळतात, तेच पाच जण पुन्हा पुन्हा एकत्र येतात आणि प्रतिस्पर्धीही तोच असतो. मापनास जे हवे, नेमके तेच बाद फेरी काढून घेते.

इग्वोडालाच्या बाबतीतही हीच अडचण आहे. तो प्रारंभीच्या पाचांत आला त्याच वेळी बोगट बाहेर गेला, संघाची गती बदलली आणि जेम्ससमोरील बचावाची रचनाही बदलली. शिवाय क्लीव्हलँडचे केव्हिन लव्ह आणि कायरी अर्व्हिंग दुखापतींमुळे बाहेर होते. या सर्व बदलांतून एका व्यक्तीचा वाटा सांख्यिकी वेगळा करून देऊ शकत नाही. सात मतदारांचा कौल चुकीचा होता असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. तो कौल निवाडा होता, मापन नव्हे, एवढेच नोंदवावयाचे आहे.

प्रतिस्पर्धी बदलतो तेव्हा

बाद फेरीचे दुसरे वैशिष्ट्य गुणात्मक आहे. नियमित हंगामात संघ एका प्रतिस्पर्ध्याविरुद्ध खेळून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शहरात जातो. बाद फेरीत एकाच संघाचा अभ्यास करण्यास दोन आठवडे मिळतात आणि खेळाडूचे एखादे न्यून शोधून त्यावर वारंवार आघात केला जातो. हंगामाच्या आकड्यांत प्रत्येक खेळाडूची सरासरी परिस्थितीतील किंमत असते; बाद फेरीत त्याची विशिष्ट आणि बहुधा प्रतिकूल परिस्थितीतील किंमत पणास लागते.

२०२०-२१ च्या हंगामात युटा जॅझ संघाने ७२ पैकी ५२ सामने जिंकून सर्वोत्तम नोंद केली आणि त्याच्या रूडी गोबेअरला सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार मिळाला. दुसऱ्या फेरीत लॉस एंजेलिस क्लिपर्सने, कवाय लेनर्ड जायबंदी झाला असतानाही, त्या संघास ४-२ असे नमविले. क्लिपर्सने उंच मध्यरक्षक न खेळविता पाचही खेळाडू बाहेरून फेक करू शकतील अशी रचना केली. बास्केटजवळ उभे राहून प्रतिस्पर्ध्यांना परतविणे हे गोबेअरचे बलस्थान. त्यास जागा सोडून बाहेर यावे किंवा कोपऱ्यातील खेळाडू मोकळा सोडावा, असा पेच पडला. सहाव्या सामन्यात युटा २५ गुणांनी पुढे होता. तो सामना त्याने ११९-१३१ असा गमावला आणि क्लिपर्सच्या टेरन्स मॅनने ३९ गुण मिळविले.

यावरून ‘गोबेअरचे हंगामातील आकडे खोटे होते’ असा निष्कर्ष काढला गेला. तो तर्कदुष्ट आहे. हंगामातील आकडे त्या परिस्थितीपुरते खरेच होते. युटाचे बाहेरचे बचावपटू प्रतिस्पर्ध्यांना मुळातच रोखू शकत नव्हते, त्यामुळे गोबेअरसमोर तो पेच पुन्हा पुन्हा उभा राहिला. माइक कॉनली तर पहिले पाच सामने खेळूच शकला नव्हता. प्रगत सांख्यिकीचा खरा उपयोग येथे दिसतो. ‘गोबेअर चांगला की वाईट’ असे न विचारता ‘कोणत्या रचनेविरुद्ध, कोणत्या सहकाऱ्यांसह त्याचा बचाव निष्प्रभ ठरतो’ असे विचारल्यास आकडे उत्तर देऊ लागतात. २०१३-१४ च्या हंगामापासून सर्व मैदानांवर कॅमेऱ्यांद्वारे खेळाडूंच्या आणि चेंडूच्या स्थानाची नोंद होऊ लागल्यामुळे असे प्रश्न विचारणे शक्यही झाले आहे.

नोंदीबाहेरचा खेळ

मापनास आणखी एक मर्यादा नोंदींच्या इतिहासाने घातली आहे. बॉस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेलने १३ हंगामांत ११ विजेतेपदे मिळविली. त्याची ख्याती प्रतिस्पर्ध्याची फेक अडविण्याबद्दल होती; परंतु ब्लॉक आणि स्टील यांची अधिकृत नोंद एनबीएमध्ये १९७३-७४ पासून सुरू झाली, आणि रसेल १९६९ मध्येच निवृत्त झाला होता. त्याच्या बाद फेरीतील प्रभावाचा आजच्या पद्धतीने काढलेला कोणताही निर्देशांक त्याच्या मुख्य कौशल्याविषयी मूकच राहणार. १९६९ च्या अंतिम मालिकेत रसेलचा संघ जिंकला आणि सर्वोत्तम खेळाडूचा, त्या वर्षी प्रथमच दिला गेलेला, पुरस्कार पराभूत लॉस एंजेलिस लेकर्सच्या जेरी वेस्टला मिळाला. पराभूत संघातील खेळाडूस तो मिळण्याचा हा आजवरचा एकमेव प्रसंग होय. आज अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार रसेलच्याच नावाने दिला जातो, हे लक्षणीय आहे.

नोंद झाली तरी तिचे मोल ठरविणे अवघडच असते. २०१६ च्या अंतिम मालिकेत पहिल्या सहा सामन्यांनंतर क्लीव्हलँड आणि गोल्डन स्टेट या दोन्ही संघांची गुणसंख्या नेमकी ६१० होती. सातवा सामना क्लीव्हलँडने ९३-८९ असा जिंकला. म्हणजे एकूण १४०२ गुणांच्या मालिकेचा फरक अवघा चार गुणांचा. ८९-८९ अशी बरोबरी असताना, सुमारे दोन मिनिटे उरली असता, जेम्सने इग्वोडालाची फेक मागून धावत येऊन अडविली. पुढे अर्व्हिंगचा तीन गुणांचा फटका यशस्वी झाला. बॉक्स स्कोअरमध्ये जेम्सच्या त्या कृतीची किंमत ‘एक ब्लॉक’ इतकीच आहे; पहिल्या सामन्यातील निरर्थक क्षणीच्या ब्लॉकइतकीच. विजयाच्या संभाव्यतेवर आधारलेली मापे त्या क्षणास मोठे मोल देतात आणि हिशेब म्हणून ते योग्यही आहे. परंतु त्यावरून ‘जेम्स अखेरच्या क्षणी अधिक चांगला अडवितो’ असे अनुमान काढणे योग्य नाही. क्षणाचे महत्त्व आणि खेळाडूचे सामर्थ्य या दोन वस्तू आहेत.

याच मालिकेत पाचव्या सामन्यास ड्रेमंड ग्रीन निलंबनामुळे मुकला आणि गोल्डन स्टेट हरला. ग्रीनच्या प्रभावाचा हा ‘नैसर्गिक प्रयोग’ मानण्याचा मोह अनेकांना होतो. तथापि त्याच सामन्यात बोगटही दुखापतीमुळे बाहेर पडला आणि जेम्स व अर्व्हिंग या दोघांनी प्रत्येकी ४१ गुण केले. एका सामन्याच्या प्रयोगात एकच घटक बदलला, असे क्वचितच घडते.

प्रत्यक्षदर्शींचा कौल

येथवरच्या विवेचनावरून आकडे बाजूस सारून जाणकारांच्या डोळ्यांवर विसंबावे, असा अर्थ कोणी काढील. तो लेखकास मान्य नाही. नमुन्याची त्रुटी डोळ्यांनाही चुकत नाही. उलट डोळ्यांना ती दिसतही नाही.

२०११ च्या अंतिम मालिकेत मायामी हीटकडून खेळताना जेम्सची सरासरी १७.८ गुणांपर्यंत घसरली आणि डॅलस मॅव्हरिक्सने मालिका ४-२ अशी जिंकली. तो दडपणाखाली कोसळतो, हा त्याच्या स्वभावाचा दोष आहे, असे तेव्हा सर्वत्र लिहिले गेले. डॅलसने वापरलेल्या क्षेत्र-बचावाचा आणि डिर्क नोवित्स्कीच्या खेळाचा विचार त्या मानाने कमी झाला. पुढच्याच वर्षी जेम्सचा संघ विजेता आणि तो स्वतः अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. मनुष्यस्वभाव बारा महिन्यांत बदलला असे मानण्यापेक्षा सहा सामन्यांवरून स्वभावाचे निदान करणे चूक होते, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

शेन बॅटिए याचे उदाहरण याहून बोलके आहे. मायकल लुईस यांनी २००९ मध्ये त्याच्यावर लिहिलेल्या प्रसिद्ध लेखामुळे, बॉक्स स्कोअरमध्ये न दिसणाऱ्या उपयुक्ततेचे तो प्रतीक बनला. २०१३ च्या बाद फेरीत मात्र त्याच्या फेकी सातत्याने चुकत होत्या आणि त्याचा खेळण्याचा वेळही घटला होता. अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात त्याने तीन गुणांच्या आठपैकी सहा फेकी साधल्या आणि मायामी विजेता ठरला. ज्याची खरी क्षमता शेकडा ४० आहे, अशा खेळाडूच्या ५० फेकींतील यशाचे प्रमाण केवळ योगायोगाने शेकडा ३३ ते ४७ यांच्या दरम्यान सहज फिरते. सुमारे तीनांत एका वेळी ते याही मर्यादेबाहेर जाते. आधीचे अपयश आणि नंतरचे यश, दोहोंमागे तोच खेळाडू होता.

समारोप

बाद फेरीतील प्रभाव मोजण्याचा यत्न सोडून द्यावा, असे या चिकित्सेचे तात्पर्य नाही. वरील विवेचनातून तीन गोष्टी सुचविता येतील. एक, बाद फेरीचा आकडा स्वतंत्र न वाचता अनेक हंगामांच्या दीर्घ पुराव्यास केलेली लहानशी दुरुस्ती म्हणून वाचावा. दोन, प्रत्येक निर्देशांकाबरोबर त्याची त्रुटीही छापावी. त्रुटीवाचून दिलेला दशांश चिन्हापुढचा अंक अचूकतेचा केवळ आभास निर्माण करतो. तीन, ‘कोण किती मोठा’ यापेक्षा ‘कोणती रचना कोणाविरुद्ध का चालली’ हा प्रश्न पुढे ठेवावा. कारण मालिकेतील शेकडो ताब्यांच्या नोंदींतून त्याचे उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते.

या प्रश्नास क्रीडेपलीकडेही महत्त्व आहे. थोड्या, परंतु निर्णायक प्रसंगांवरून माणसाची लायकी ठरविण्याची सवय निवड समित्यांत, परीक्षांत आणि मुलाखतींतही आढळते. आकड्यांची भाषा वापरली की असा निर्णय निःपक्षपाती वाटू लागतो. सांख्यिकीचे पहिले काम निर्णय सोपा करण्याचे नसून आपल्याजवळ पुरावा किती आहे हे सांगण्याचे आहे. सात सामन्यांच्या मालिकेतून विजेता ठरतो आणि तो निर्विवाद असतो. हरलेल्या खेळाडूच्या गुणवत्तेविषयी मात्र तेच सात सामने फारच थोडे सांगतात, आणि ते थोडेपण मान्य करणे हाच त्याला दिलेला न्याय होय.